पुण्यात पास, कोरपन्यात नापास

कंट्रोलरचं युनिट टेस्टिंग ही फार सुखाची गोष्ट आहे. कंट्रोलर म्हणजे वेब ॲप्लिकेशनचा खिडकीवरचा बाबू: अर्ज घ्यायचा, आत मॉडेलला विचारायचं, उत्तर व्ह्यूच्या हवाली करायचं. त्याची परीक्षा घेताना डेटाबेस नकली, लॉगिन नकली, एसएमएस पाठवणारी सेवासुद्धा नकली. तिला आधीच पढवलेलं असतं, 'ओटीपी गेला म्हण.' ती म्हणते. टेस्ट हिरवी! पुण्याच्या ऑफिसात चहा येतो.

इकडे कोरपन्यात, ऐन कापसाच्या हंगामात, केंद्रावर ऑनलाइन अर्ज भरायला आलेला शेतकरी रेंज शोधत टेबलापासून दारात आणि दारातून रस्त्यावर जातो. ओटीपी येतो तोवर सेशन संपलेलं. "भाऊ, पुन्हा पयल्यापासून भरा लागते," ऑपरेटर सांगतो. यात कंट्रोलरचा काही दोष नाही, बरं का. सेशन संपलं की लॉगिनच्या पानावर हाकलायचं, हे काम तो चोख करतो. त्याचीही टेस्ट आहे, तीही हिरवी.

'रेल्स' या वेब फ्रेमवर्कवाल्यांना अशा टेस्टची मर्यादा कळली होती. त्यांनी २०१६ साली, पाचव्या आवृत्तीत, कंट्रोलरच्या पोटातले व्हेरिएबल चाचपणारी 'असाइन्स' ही सोय मूळ फ्रेमवर्कमधून काढून वेगळ्या जेममध्ये, म्हणजे जोडपॅकेजमध्ये, टाकली. विनंती राउटिंगपासून पार नेणारी इंटिग्रेशन टेस्ट लिहा, असं सुचवलं. पण तशी टेस्ट हळू चालते आणि कव्हरेजचा आकडा तर मॉकनेही, म्हणजे त्या पढवलेल्या नकली सेवांनीही, भरतो. रेंज नसल्याचा मॉक कोणी लिहीत नाही. लिहिला तर टेस्ट लाल होईल, आणि शुक्रवारचं रिलीज अडेल.