तिसऱ्या गिअरपेटीच्या धन्यास मार्गदर्शन

ज्या गृहस्थाच्या व्हॅनची पहिली गिअरपेटी निकामी झाली, त्यास आम्ही दुर्दैवी म्हणू. ज्याची दुसरीही गेली, त्यास अनुभवी म्हणू. आणि ज्याच्या दारात तिसरी पेटी बसवलेली गाडी उभी असून चौथीची चिंता ज्याच्या मुखावर उमटू लागली आहे, त्याच्याच हितार्थ प्रस्तुत मार्गदर्शिका सिद्ध केली आहे. हिचे क्षेत्र अमेरिकेपुरते मर्यादित असले, तरी न्यू जर्सीतल्या एडिसनपासून शिकागोपर्यंत पसरलेल्या मराठी कुटुंबांस ती अप्रस्तुत वाटू नये. कारण सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेले आईवडील, दोन मुले, शेजाऱ्यांची आणखी दोन आणि मंडळाच्या गणेशोत्सवाचे मखर, एवढा संसार एका खेपेत वाहून नेणारे वाहन त्यांनाही मिनीव्हॅनखेरीज दुसरे सापडलेले नाही.

कलम पहिले : पूर्वपीठिका. तक्रारदाराने आपल्या दुःखाची परंपरा प्रथम जाणून घ्यावी. १९८९ साली क्रायस्लर कंपनीने आपल्या व्हॅनगाड्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची चार वेगांची स्वयंचलित पेटी आणली. तिला स्वतःचे खास तेल लागे, साधे तेल पाजल्यास ती थरथरू लागे, आणि संगणकाला काही वावगे दिसताच ती दुसऱ्या गिअरमध्ये ठाण मांडून बसे व धन्यास त्याच गतीने घरी पोचवी. पुढे १९९९ च्या होंडा ओडिसीने, जिचे मागचे आसन जमिनीत गडप होत असे आणि जिच्या लौकिकावर विसंबून सावध मनुष्यही निर्धास्तपणे सही करीत असे, तीच परंपरा अधिक प्रतिष्ठेने पुढे चालवली. तिच्या १९९९ ते २००१ च्या गाड्यांतील पेट्या इतक्या अकाली खर्ची पडू लागल्या, की मूळची ३ वर्षे अथवा ३६,००० मैलांची हमी होंडा कंपनीने पेटीपुरती ७ वर्षे अथवा १,००,००० मैलांपर्यंत वाढवून दिली. २००२ साली इंजिनाची शक्ती २१० वरून २४० अश्वशक्तीवर गेली, चारऐवजी पाच वेगांची पेटी आली, आणि धन्यांस वाटले की ग्रहदशा पालटली.

ती पालटली नव्हती. एप्रिल २००४ मध्ये कंपनीने पाच वेगांच्या पेटीच्या सुमारे ११ लक्ष गाड्या परत बोलावल्या. त्यांत २००२ ते २००४ च्या ओडिसीही होत्या. दुसऱ्या गिअरमध्ये उष्णता साठून दाते तुटावेत आणि पेटी जागच्या जागी जखडावी, असा तो दोष होता. उपाय असा ठरला, की १५,००० मैलांच्या आत फिरलेल्या गाडीत त्या गिअरवर तेलाचा फवारा सोडणारी सोय बसवावी, आणि त्याहून अधिक फिरलेल्या गाडीत त्या गिअरचा वर्ण तपासावा. वर्ण काळवंडलेला आढळल्यास पेटीच बदलावी. वर्णावरून स्थळ नाकारण्याची प्रथा आमच्या समाजातून अद्याप समूळ गेलेली नाही. परंतु ती यंत्रशास्त्रात शिरून एवढी न्याय्य ठरेल, हे आमच्या समाजसुधारकांच्याही ध्यानी आले नसेल.

कलम दुसरे : लक्षणे. इंजिनाने गर्जना करावी आणि गाडीने मात्र विचारात पडावे, हे पहिले लक्षण. चाळीस मैलांच्या वेगात रस्ता खडबडीत नसताना तो खडबडीत भासावा, हे दुसरे. चालकासमोरचा 'डी-४' हा दिवा, ज्याचे काम स्थिर राहण्याचे, तो लुकलुकू लागावा, हे तिसरे. आणि मागील आसनावरून वडिलांनी, ज्यांनी उभ्या आयुष्यात स्कूटरखेरीज काही चालवले नाही, 'क्लच गेला रे' असे शांतपणे सांगावे, हे चौथे. ते निदान बहुधा बरोबर असते, कारण स्वयंचलित पेटीतही क्लच असतातच, आणि त्यांच्या झिजलेल्या अस्तराचा चुरा तेलाच्या वाटा बुजवीत असतो.

कलम तिसरे : कर्मशाळेतील वर्तन. गाडी कर्मशाळेच्या फाटकातून आत शिरताच निरोगी होते, हा अबाधित सिद्धान्त होय. तेथील सल्लागार आपणास सौजन्याने कॉफी देईल, गाडी एक फेरी फिरवून आणील आणि 'दोष आढळला नाही' असा दाखला देईल. यावर संतापू नये. संताप कागदावर उमटत नाही, आणि जे कागदावर उमटत नाही ते या व्यवहारात घडलेलेच नसते. धन्याने कारागिराशेजारी स्वतः बसून दोष दाखवण्याची विनंती करावी. आपली तक्रार आपल्याच शब्दांत, तारीख आणि मैलांच्या आकड्यासह कामाच्या पावतीवर नोंदवून घ्यावी. आणि काहीही दुरुस्ती झाली नसली तरी पावती घेतल्याखेरीज पाऊल हलवू नये. 'या गाडीचा स्वभावच असा आहे' हे वाक्य सल्लागाराने उच्चारल्यास तेही पावतीवर लिहून देण्याचा आग्रह धरावा. ते लिहून देण्याची तयारी सहसा कोणी दाखवीत नाही, आणि त्यावरून त्या वाक्याची किंमत ठरते.

कलम चौथे : बदली पेटी. ती नवीन आहे असे समजू नये. बहुधा ती दुसऱ्या कोणा हताश गृहस्थाच्या गाडीतून उतरवून, उघडून, झिजलेले भाग बदलून पुनश्च बांधलेली असते. आणि मूळ आराखड्यातील दोष कायम असल्यास तो नव्या बिऱ्हाडी तितक्याच निष्ठेने नांदतो. म्हणून तिच्यावर हमी किती मुदतीची, आणि ती बसवल्या दिवसापासून मोजावयाची की जुन्या हमीची शिल्लक म्हणून, याचा खुलासा लेखी घ्यावा.

कलम पाचवे : फिर्याद कोठे करावी. न्यू जर्सीत 'लेमन लॉ' या नावाने प्रसिद्ध असलेला कायदा आहे. एकच दोष तीनदा दुरुस्त करूनही न गेल्यास, किंवा गाडी एकूण २० दिवस कर्मशाळेत अडकल्यास, तो धन्याच्या बाजूने उभा राहतो. परंतु ही सारी कृपा गाडीच्या पहिल्या दोन वर्षांपुरती आणि ठरावीक मैलांपुरतीच आहे. आणि गिअरपेटीस, कोणत्याही वकिलाची सनद नसताना, मुदतीच्या कायद्याचे इतके सूक्ष्म ज्ञान असते, की ती सहसा मुदत उलटल्यावरच प्राण सोडते.

मुदतीची अट नसलेले दुसरे दफ्तर म्हणजे राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन. तेथे अर्जास शुल्क नाही. मात्र हे खाते सुरक्षेपुरतेच पाहते. आपणास चार हजार डॉलरांचा भुर्दंड पडला, या वार्तेने ते द्रवत नाही. सबब अर्जाचा मसुदा असा असावा : अमुक तारखेस, अमुक महामार्गावर, साठ मैलांच्या वेगात, मागून मालमोटार येत असता गाडीची ओढ अकस्मात नाहीशी झाली, गाडीत एवढी माणसे होती, गाडीचा सतरा अक्षरांचा ओळखक्रमांक हा. विशेषणे वर्ज्य. सासऱ्यांसमोर झालेली मानहानी वर्ज्य. आपण अभियंता आहोत ही माहितीही वर्ज्य. मराठी अर्जदारास हे शेवटचे पथ्य विशेष जड जाते.

कंपनीकडेही स्वतंत्र कैफियत धाडावी. मुदत संपली असली तरी खर्चाचा काही हिस्सा उचलण्याचा तिचा शिरस्ता असू शकतो. त्यास ती सद्भावना म्हणते, जबाबदारी म्हणत नाही. नाव काय द्यावयाचे ते तिजवर सोपवून रक्कम स्वीकारावी, आणि वेळेवर तेल बदलल्याच्या पावत्या मागितल्या जाण्यापूर्वीच जोडाव्यात.

कलम सहावे व अखेरचे : विक्री. दहा पत्रे, सात पावत्या आणि एक रक्तदाबाची गोळी यांच्या साह्याने अन्यायाविरुद्ध झगडलेला हाच गृहस्थ एके दिवशी गाडी विकावयास काढतो, आणि जाहिरातीत लिहितो, 'एकच मालक, कुटुंबाने जपलेली, गिअरपेटी नुकतीच नवीन बसवलेली.' या एका ओळीत, कंपनीने त्याच्यापासून जे दडवले असे तो इतकी वर्षे सांगत आला, तेच तो पुढच्या धन्यापासून दडवतो. एकट्याची तक्रार ही कुरकुर ठरते. तीच तक्रार हजारो अर्जांत त्याच तपशिलाने उतरली की ती पुरावा होते. आणि तो पुरावा ज्याच्या हाती पडावयास हवा, तो मनुष्य पाचशे डॉलर घासाघीस करीत समोरच उभा असतो. तेव्हा वाचकहो, व्हॅन विकाल तेव्हा किल्लीबरोबर आपले संपूर्ण दफ्तरही त्याच्या स्वाधीन करा, आणि किंमत त्या मानाने कमी सांगा.