ऐकलंत का, गोष्टींवरून भांडण!

अहो वहिनी, इकडे या जरा, भिंतीजवळ. ऐकलंत का? आपल्या एयरोसिटीत आता दोन-दोन पेजेस झालीत, लोकांचे फोटो नि खाली त्यांची कर्मकहाणी टाकणारी! कोपऱ्यावरच्या कोठीतल्या सुनेनं आधी काढलं. मागच्या गल्लीतल्या फर्स्ट फ्लोअरवालीनं महिन्याभरात तस्संच... तोच दूधवाला, तोच हात कॅनवर, तीच निळी भिंत! आता पार्कात समोरासमोर आल्या की दोघी मोबाइलमध्ये डोकं घालतात. पहिली म्हणते, कोर्टात खेचते. म्हटलं, बाई गं, मुंबईवाल्यांचं काय झालं ते विसरलीस?

थांबा, हे विमान जाऊ दे...

हां, तर काय सांगत होते? ते 'ह्यूमन्स ऑफ बॉम्बे' पेज हो. करिश्मा मेहतांचं, 2014 पासूनचं. आमच्या ठाण्याच्या वन्सं रोज सकाळी चहाआधी ते वाचून डोळे पुसतात. तर 2023च्या सप्टेंबरात त्यांनी 'पीपल ऑफ इंडिया' या तसल्याच दुसऱ्या पेजवर दावा ठोकला. काय, तर आमचंच बघून करतात, आमचा मजकूर नि फोटोसुद्धा उचलतात. आणि मुंबईकरांचा दावा कुठे, तर दिल्ली हायकोर्टात! समन्स निघालं. इथवर सगळं मनासारखं.

आणि मग तोंड उघडलं कोणी? न्यूयॉर्कच्या त्या ब्रँडन स्टँटननं! शिकागोत बाँडचे सौदे करायचा, नोकरी गेली, नि 2010ला न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर माणसांचे फोटो काढत फिरायला लागला. 'ह्यूमन्स ऑफ न्यूयॉर्क.' नाव तरी बघा, न्यूयॉर्क खोडून बॉम्बे! जगभर गावोगावी असे 'ह्यूमन्स' निघाले, हा आपला गप्प. या दाव्यानंतर मात्र ट्विटरवर म्हणाला काय, तुम्ही चांगल्या गोष्टी सांगता म्हणून मी बोललो नाही, तुम्ही त्यातून पैसा केलात, माझ्या मनाला पटला नसता इतका, तरी नाही बोललो. पण जे मी तुम्हाला माफ केलं, त्याच्यासाठी तुम्ही दुसऱ्यांवर खटले भरताय?

मग काय विचारता! नुसते मीम्स. वन्संचा चेहरा एवढासा झाला असणार, कारण दोन दिवस त्यांचा एक फॉरवर्ड नाही.

बॉम्बेवाल्यांनी उत्तर दिलं हो, की भांडण आमच्या मजकुराचं आहे. आणि खरं सांगू, त्यात तथ्य होतं. थालीपीठ कुणीही लावावं, पण माझ्या तव्यावरचं उचलून स्वतःच्या ताटात वाढलं तर मी बोलणारच की! पण त्या गदारोळात ऐकतंय कोण.

शेवटी ऑक्टोबरात जस्टिस प्रतिभा सिंह यांनी मिटवलं. म्हणाल्या, गोष्टी सांगायचं व्यासपीठ चालवायची कल्पना, तिच्यावर कुणाचा कॉपीराइट नाही. ती मांडता कशी, त्यावर असतो. तेव्हा स्वतः लिहिलेला मजकूर, स्वतः काढवून घेतलेले फोटो, ते ज्याचे त्याचे, आणि दोघांनीही एकमेकांचे उचलायचे नाहीत. ऐकलंत ना, दोघांनीही! आणि लोकांनी आपणहून पाठवलेले घरचे फोटो? त्यांच्यावर 'माझे' म्हणून हक्क सांगायचाच नाही.

हे सगळं मी कोपऱ्यावरच्या सुनेला सांगितलं. तिचं तोंड पाहायला हवं होतंत! "म्हणजे आंटी, दूधवाला माझा नाही?" म्हटलं, दूधवाला कुणाचाच नाही, बिल वेळेवर भरेल त्याचा. पण तू चार ओळी लिहिल्यास ना, त्या तुझ्या. दुसरीनं शब्दाला शब्द उतरवल्यात का, ते बघ आधी. बघितलं तिनं. एक पूर्ण वाक्य निघालं हो! पण तेही दूधवाल्याचंच... त्यानं दोघींना तेच सांगितलं होतं.

बरं, खरी गंमत पुढेच. आता दोघींना माझी स्टोरी हवीय. एकीला म्हटलंय मंगळवारी ये, दुसरीला गुरुवारी. दोघींना वेगवेगळी सांगणार आहे. तुम्ही बसा ना दोन्ही वेळेला येऊन.