प्रवासाला किती पडले?

माझी भाची सतरा वर्षांची असताना चर्चच्या तरुण संघाबरोबर होंडुरासला गेली. दहा दिवसांचं सेवाकार्य होतं, एका गरीब कुटुंबाला घर बांधून द्यायचं. तिथली एक छोटी चित्रफीत तिच्या फोनमध्ये आहे. ती सिमेंटचा ब्लॉक छातीशी धरून उभी आहे आणि शेजारचा पन्नाशीचा गवंडी तिला विचारतो, “क्वांतो कोस्तो एल विआहे?” ती तोंडभर हसते आणि म्हणते, “ग्रासियास!”

दोन वर्षांनी कॉलेजात स्पॅनिश शिकताना ती चित्रफीत तिनं पुन्हा लावली. गवंड्यानं विचारलं होतं, प्रवासाला किती पडले? आणि तिनं उत्तर दिलं होतं, आभारी आहे!

त्या रात्री अमेरिकेतल्या मिशिगनहून तिचा फोन आला. “मामा, त्यानं मला साधा प्रश्न विचारला होता रे,” असं काहीतरी मराठीत अडखळत म्हणाली आणि रडू लागली. मी नगरला, आमच्या जुन्या घराच्या ओट्यावर. आमचं घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती. मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेलं, मिशनच्या दवाखान्यात जन्मलेलं. त्यामुळे तिला “जाऊ दे, लहान होतीस” असं म्हणून मला सुटता आलं नाही. गवंड्याचा प्रश्न माझ्याही घरात येऊन बसला.

तर उत्तर देऊ. गटात सोळा मुलं. माणशी खर्च 2,000 डॉलर. म्हणजे 32,000 डॉलर. हे पैसे मुलांनी नातेवाइकांना पत्रं लिहून, चर्चच्या आवारात गाड्या धुऊन, केक विकून उभे केले. एकेका डॉलरमागे प्रामाणिक कष्ट होते. आणि त्या 32,000 डॉलरांतून उभं काय राहिलं, तर दोन खोल्यांचं एक घर.

हा हिशेब याआधीही झाला आहे. 1998 च्या ऑक्टोबरअखेर ‘मिच’ चक्रीवादळानं मध्य अमेरिकेत 11,000 हून अधिक माणसं मारली आणि त्यातली सर्वाधिक होंडुरासची होती. डोंगरच्या डोंगर खचले, नद्यांनी वस्त्या नेल्या. मग उत्तर अमेरिकेतल्या चर्चमधून घरं बांधायला तरुणांचे गट येऊ लागले. कर्ट व्हर बीक हे तेव्हा मिशिगनमधल्या कॅल्व्हिन या ख्रिस्ती कॉलेजचे समाजशास्त्राचे प्राध्यापक होते आणि स्वतः होंडुरासमध्ये राहत होते. त्यांनी दोन प्रकारची घरं शेजारी शेजारी ठेवून पाहिली, काही परदेशी गटांनी बांधलेली आणि काही तिथल्याच माणसांनी. स्थानिक माणसांकडून एक घर सुमारे 2,000 डॉलरांत होत होतं. परदेशी गट आला की विमानभाड्यासकट त्याच घरामागे सरासरी 30,000 डॉलर जात होते. घरात राहायला आलेल्या कुटुंबांच्या आयुष्यात मात्र घर कोणी बांधलं यानं फरक पडला नव्हता.

एका घराच्या खर्चात पंधरा घरं. चौदा कुटुंबं बाहेर राहिली.

“पण मुलांचं आयुष्य बदलतं ना!” हे उत्तर प्रत्येक मंडळीत तयार असतं. परतल्यावरच्या रविवारी उपासनेत मुलं साक्ष देतात, फोटो पडद्यावर फिरतात, आयांचे डोळे भरतात. ते भरलेले डोळे खरे असतात, मी त्यांचा अनादर करणार नाही. पण व्हर बीक यांनी त्या स्वयंसेवकांचाही माग काढला, आणि टिकलेला बदल त्यांना फारच थोडा सापडला. आणि बदलत असेल एखाद्याचं आयुष्य, तर त्याचं बिल चौदा बेघर कुटुंबांच्या नावावर का फाडायचं?

भाचीनं मला आणखी एक गोष्ट सांगितली. बांधकामाच्या कुंपणावर रोज चार पुरुष येऊन बसायचे. तिला वाटायचं, यांना हातभार लावायला काय होतं? शेवटच्या दिवशी दुभाष्यानं सांगितलं की त्यातले दोघे गवंडीकाम करणारे आहेत आणि सध्या हाताला काम नाही. त्यांच्यासमोर सोळा मुलं थापी कशी धरायची ते शिकत होती. ज्याच्या हातात ओळंबा होता, तो एकमेव गवंडी दिवसभर मुलांच्या वाकड्या रेषा सरळ करत होता आणि तरी हसत होता. घरधनिणीनं दुपारी मुलांसाठी कोंबडी कापली. तिची स्वतःची पोरं तुकडा तुकडा मोडून बालेआदा खात होती. बालेआदा म्हणजे जाड पोळीत घोटलेल्या घेवड्याच्या दाण्यांचं सारण. पाहुण्यांच्या ताटात कोंबडी, घरच्यांच्या हातात पोळी. मदत नक्की कोण कुणाला करत होतं?

आता त्या दौऱ्यातला सगळ्यात जड दिवस. आठव्या दिवशी दुपारी गट एका बालगृहात गेला. गटातल्या मुलांनी गाणी म्हटली, फुगे वाटले. चार वर्षांची एक पोरगी भाचीच्या गळ्याला बिलगली ती सुटेचना. निघताना तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. भाची म्हणते, “मामा, मला वाटलं तिला माझ्यावर किती प्रेम आहे. तिथल्या बाई म्हणाल्या, गेल्या आठवड्यातल्या गटाबरोबरही असंच झालं.”

हे वाचून कुणाला गहिवर येत असेल तर जरा थांबा. अनोळखी माणसाला पहिल्या भेटीत बिलगणारं आणि निरोपाला आकांत करणारं लेकरू प्रेमात पडलेलं नसतं. ते सोडून जाणाऱ्या माणसांच्या रांगेत वाढलेलं असतं. दर आठवड्याला नवी ताई, नवी मिठी, नवा निरोप. आपल्या पोटच्या चार वर्षांच्या मुलाला आपण असं दर शनिवारी नव्या माणसाच्या कडेवर देऊ का?

आणि ही मुलं अनाथ तरी असतात का? हैतीत बालगृहांत सुमारे 30,000 मुलं असल्याचा आणि त्यांतल्या 80 टक्क्यांच्या आसपास मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचा अंदाज आहे. कंबोडियात 2005 ते 2010 या पाच वर्षांत बालगृहांची संख्या 75 टक्क्यांनी वाढली. त्या काळात तिथे मोठं युद्ध नव्हतं. पर्यटक आणि देणगीदार मात्र वाढत होते. दाखवायला मुलं लागली की गरीब आईकडून मुलं आणली जातात. शिक्षण मिळेल, दोन वेळचं जेवण मिळेल, या आशेवर ती देते. 2010 च्या भूकंपानंतर हैतीतून 33 मुलांना सीमेपार नेताना अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या चर्चशी जोडलेला दहा जणांचा गट पकडला गेला. ती मुलं अनाथ असल्याचं सांगितलं होतं. बहुतेकांचे आईबाप जिवंत निघाले.

म्हणून माझी पहिली मागणी सरळ आहे. चर्चच्या कोणत्याही दौऱ्यात बालगृहाची भेट नको. एक तासाचीही नको, फुग्यांचीही नको. ज्या पैशांत बालगृह चालतं, त्यात आईला मूल घरी ठेवता येतं का, हे आधी विचारा.

काही वाचक आता म्हणतील, तुमच्याच नगरला मिशनरी आले नसते तर? बरोबर आहे. त्याचंही उत्तर देतो, कारण ते माझ्या घरचं आहे.

1806 च्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळात सापडले आणि गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थना करत बसले. अमेरिकेची परदेशी मिशन चळवळ त्या गंजीपासून मोजतात. तेही भाचीसारखे कॉलेजात शिकणारे तरुणच होते. चारच वर्षांत, 1810 मध्ये, परदेशी मिशनरी पाठवणारं अमेरिकन बोर्ड स्थापन झालं. त्याच कॉलेजात शिकलेला गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईला उतरला, मराठी शिकला, मराठीत लिहू-बोलू लागला आणि 1826 मध्ये नाशिककडच्या प्रवासात कॉलऱ्यानं गेला. तेरा वर्षं राहिला, आणि शेवटही इथेच झाला. सिंथिया फरार 1827 मध्ये आल्या. अविवाहित बाई, एकट्या. त्यांनी मुंबईत आणि मग आमच्या नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतिराव फुले नगरला त्यांची शाळा पाहून गेले आणि 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा उघडली. फरारबाई 1862 मध्ये नगरलाच वारल्या.

या लोकांचं सगळं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. इथल्या धर्माला आणि संस्कृतीला त्यांनी अंधार म्हटलं, तेव्हा आमच्या पणजोबांनाही ते लागलं असणार. पण त्यांनी एक किंमत मोजली होती. भाषा शिकण्यात वर्षं घातली. इथलं पाणी प्यायले, इथले आजार काढले. गवंड्यानं त्यांना मराठीत प्रश्न विचारला असता तर त्यांना तो कळला असता.

दहा दिवसांच्या दौऱ्याला त्याच ‘मिशन’ शब्दाचा कोट घालू नका. तो मापात बसत नाही.

लहानपणी रविवारच्या शाळेत आम्ही सगळ्यांनी चांगल्या शोमरोन्याची गोष्ट ऐकली आहे. वाटमाऱ्यांनी अर्धमेला केलेल्या माणसाला त्यानं उचललं, जखमा बांधल्या. इथवर सगळ्यांना आठवतं. पुढचं कुणी सांगत नाही. त्यानं त्या माणसाला उतारशाळेत नेलं, मालकाच्या हातात दोन दिनार ठेवले, याची काळजी घे म्हणाला, आणि परत येताना जास्तीचं देईन असंही म्हणाला. म्हणजे ज्याचं काम त्याच्या हाती पैसे दिले आणि परत येण्याचा शब्द दिला. उतारशाळेच्या मालकाला बाजूला सारून तो स्वतः खाट विणत बसला नाही.

मग तरुणांनी जाऊच नये? भाचीनं मला हाच प्रश्न विचारला. मी म्हटलं, जा. पण शिकायला जा, आणि शिकायला जातो असंच लिहून पैसे माग. 1968 मध्ये कॅथलिक धर्मगुरू इव्हान इलिच यांनी मेक्सिकोत सेवा करायला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर हेच सुनावलं होतं की पाहायला या, अभ्यासाला या, मदतीचं नाव काढू नका. ते ऐकून विद्यार्थ्यांना राग आला असेल. मला तो सल्ला प्रेमाचा वाटतो. जो माणूस तुम्हाला खोटं समाधान घेऊन परत जाऊ देत नाही, तोच तुम्हाला माणूस समजतो.

शिकायला जायचं म्हणजे कसं, ते पाहायला होंडुरासपर्यंत जावं लागत नाही. आमच्या नगर जिल्ह्यात जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर दांपत्य अमेरिकेत शिकून 1970 मध्ये तिथे आलं. दुष्काळी तालुका, दवाखान्यांची वानवा. त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या. अनेकींना अक्षरओळख नव्हती, अनेकजणी दलित वस्तीतल्या होत्या. बाळंतपण कसं करायचं, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, वजन कसं बघायचं, हे त्यांना शिकवलं आणि गावाचं आरोग्य त्यांच्या हाती दिलं. 1979 मध्ये या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज जामखेडला देशोदेशीचे विद्यार्थी येतात. तेही तरुण, तेही उत्साही, तेही विमानानं येणारे. फरक एवढाच की तिथे ते वही घेऊन खाली बसतात आणि गावची बाई त्यांना शिकवते.

शिकणारा कोण आणि शिकवणारा कोण, हे तिथे पहिल्या दिवशीच ठरतं. ते एकदा ठरलं की दहा दिवसही वाया जात नाहीत.

म्हणून मंडळीच्या वडिलांना, पाळकांना, अमेरिकेतल्या माझ्या मराठी भाऊबहिणींना, ज्यांची मुलं दर उन्हाळ्यात एकाच रंगाचे टी-शर्ट घालून विमानात बसतात, माझ्या आणखी तीन मागण्या आहेत. दौऱ्याला जेवढे पैसे उभे कराल, तेवढेच तिथल्या गवंड्यांच्या, शिक्षिकांच्या, परिचारिकांच्या पगारासाठी उभे करा. नाही जमलं तर दौरा अर्धा करा. जाण्याआधी वर्षभर भाषा शिका, निदान समोरच्याचा प्रश्न कळेल एवढी. आणि दरवर्षी नवा देश निवडू नका. एकाच गावाला दहा वर्षं स्वतःला बांधून घ्या. त्या गावानं नको म्हटलं तर ऐका.

भाची यंदा पुन्हा होंडुरासला जाणार आहे. या वेळी टी-शर्ट नाही, थापी नाही. तिथल्या तेगुसिगाल्पा शहरात एका कुटुंबाकडे राहून तीन महिने स्पॅनिश शिकणार आहे, मग त्या गावात जाऊन गवंड्याला भेटणार आहे. नाताळात इकडे आली होती तेव्हा आमच्या ओट्यावर बसून ती उत्तराचा सराव करत होती. आधी पुटपुटली, मग मोठ्यानं म्हणाली.

“दोस मिल दोलारेस.”

दोन हजार डॉलर. मिचनंतर तेवढ्यात तिथे एक घर होत होतं, हेही तिला त्याला सांगायचं आहे. ते वाक्य अजून तिच्या तोंडून नीट निघत नाही.