चटणी झाली, तयारी राहिली

परदेशी सहलीचे पैसे भरले की सोलापुरात पहिली ऑर्डर जाते शेंगाचटणीची. दोन किलो. मग कडक भाकरीची पाकिटं, लिंबाचं लोणचं, मेतकूट, चकल्या. पुढच्या रविवारी नव्या पेठेत स्वेटर आणि थर्मल. त्याच्या पुढच्या रविवारी दोन मोठ्या बॅगा. पाहुणे येतात, "कधी निघायलाव काका?" विचारतात, हातावर नारळ ठेवतात. आणि एवढ्या गडबडीत काकांनी सलग तासभर चालून एकदाही बघितलेलं नसतं.

चटणीवर माझा राग नाही. कडक भाकरी तर प्रवासाचंच अन्न आहे. ज्वारीची, पातळ, कोरडी, कित्येक दिवस टिकणारी. माझा राग आहे तो "पैसे भरले, आता बाकीचं कंपनी बघेल" या वाक्यावर. चाळीस-पंचेचाळीस जणांच्या बसमध्ये हे वाक्य खपतं. बारा जणांच्या गटात खपत नाही.

मराठी माणसाला परदेश दाखवला तो मोठ्या गटांनी. केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये केसरी टूर्स सुरू केली, २०१३ मध्ये वीणा वर्ल्ड आली. मराठी बोलणारा टूर लीडर, दारात बस, संध्याकाळी वरणभात. ज्यांनी कधी पुण्यापुढे पाऊल टाकलं नव्हतं, अशा आज्या आयफेल टॉवर बघून आल्या. हे मोठं काम आहे आणि त्याला नावं ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण आता मुलगा-सून सुचवतात ती छोट्या गटाची सहल. तिची रीत वेगळी. जुन्या गावात बस शिरत नाही, मुक्काम गल्लीतल्या लहान हॉटेलात, तिथं लिफ्ट असेलच असं नाही. शहरातून शहरात रेल्वेनं जायचं, बॅग आपली आपण उचलायची. गाइड तिथलाच, तो इंग्रजीत बोलणार. काही जेवणं आपली आपण शोधायची. ही सहल विकत घेऊन मोठ्या गटाची सोय मागणं हा बाकीच्यांवर अन्याय आहे.

बाकीचे म्हणजे अकरा जण. तुम्ही अर्धा तास उशिरा आलात, तर त्यांचे मिळून साडेपाच तास गेले. पंचेचाळिसात तुमच्यासाठी थांबायला एक सहायक असतो. बारांत सगळेच थांबतात.

कागदांपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त सहली तिथंच अडखळतात. सोलापूरला मुख्य टपाल कार्यालयात पासपोर्ट सेवा केंद्र झाल्यापासून पुण्याची चक्कर वाचली, ही मोठी सोय झाली. पण पासपोर्ट हातात आहे म्हणजे चालतो असं नाही. युरोपातल्या शेंगेन देशांना तो गेल्या दहा वर्षांत काढलेला लागतो आणि तिथून निघायच्या तारखेनंतर निदान तीन महिने मुदत शिल्लक लागते. दुसरे बरेच देश सहा महिने मागतात. दोन पानं कोरी हवीत. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवसांच्या आत आला की घेत नाहीत, आणि बोटांचे ठसे द्यायला पुण्याला किंवा मुंबईला स्वतः जावं लागतं. मे महिन्याची सहल आणि मार्चअखेर जाग, हे गणित बसत नाही. उन्हाळ्यात सगळा देशच अर्ज घेऊन उभा असतो.

त्यातून नावाचा घोळ. पासपोर्ट लग्नाआधीचा, म्हणून माहेरच्या नावाचा. आधार आणि पॅन सासरच्या नावाचं. तिकीट काढताना पोरानं घाईत तिसरंच स्पेलिंग टाकलेलं. वहिनींचा यात काडीचा दोष नसतो आणि विमानतळावर काउंटरपाशी उभं त्यांनाच राहावं लागतं. तिकिटावरचं नाव पासपोर्टाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. पैसे भरायच्या आधी पासपोर्टाचा फोटो समोर ठेवून ते वाचा. मोठ्यानं वाचा.

पैशातही एक गोष्ट कंपनीच्या कागदावर बारीक अक्षरात असते आणि ती कुणी समजावून सांगत नाही. सहलीच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे बिलाबरोबरच वसूल होणारा आयकर, घेतला जातो. तो खर्चात जमा नाही. ज्याच्या पॅनवर बिल झालं त्याच्या खात्यात तो फॉर्म २६एएसमध्ये दिसतो आणि आयकर विवरणपत्र भरलं की करात वळता होतो किंवा परत मिळतो. निवृत्तीनंतर विवरणपत्र भरायचं थांबवलेल्या मास्तरांचे हे पैसे सरकारकडेच राहतात. म्हणून बिल कुणाच्या पॅनवर करायचं, हे आधी ठरवा.

विम्याबद्दल तर मी हात जोडून सांगेन. शेंगेन व्हिसाला निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, तो सगळे काढतात. अर्जात "आधीचे आजार" या रकान्यात मात्र "नाही" लिहितात. साखर आहे, बीपी आहे, पाच वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय, आणि रकान्यात "नाही". हप्त्यात थोडे पैसे वाचतात. परदेशात छातीत दुखलं तर विमा कंपनी जुने कागद मागते आणि दावा नाकारते. तिथल्या दवाखान्याचं बिल सोलापुरातला फ्लॅट विकायला लावू शकतं. खरं लिहा. औषधं मूळ पाकिटात ठेवा, डॉक्टरांकडून औषधाचं मूळ रासायनिक नाव असलेली चिठ्ठी घ्या, इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा. दुबईला जाणार असाल तर कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडॉलसारख्या गोळ्या परवानगीशिवाय नेऊ नका. तिथं तो गुन्हा आहे. केनियाला जाणार असाल तर पीतज्वराची लस निघण्याच्या दहा दिवस आधी, नेमलेल्या केंद्रावरच घ्यावी लागते. ते पिवळं कार्ड नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर तुम्हाला अलग ठेवतात.

आता खाऊ. चटणी न्या, भाकरी न्या. पण युरोपीय संघात बाहेरचे मांसाचे आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा, साजूक तूप घरीच. न्यूझीलंडला खाण्याची वस्तू लपवली तर जागच्या जागी चारशे डॉलरचा दंड. विचारलं की खरं सांगायचं, नेमकं सांगायचं. सिंगापूरला आणि अमिरातीत खसखस चालत नाही, त्यामुळे अनारसेही नकोत. आपल्याच विमानतळावर चेक-इन बॅगेत सुकं खोबरं चालत नाही, कारण त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं. पाहुण्यांनी दिलेले नारळ देवापुढे ठेवा.

आणि एक गोष्ट सोलापूरकराला पटवणं फार अवघड जातं: शेंगदाण्यानं माणूस दगावू शकतो. आपल्याकडे शेंगा कशात नाहीत? चटणीत, आमटीत, भरल्या वांग्यात, उपवासात. पण छोट्या गटात दुसऱ्या राज्यांची, दुसऱ्या देशांचीही माणसं असतात आणि त्यात एखाद्याला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असू शकते. बंद गाडीत डबा उघडण्याआधी विचारा. "एवढ्याशा चटणीनं काय होतंय" असं म्हणू नका. होतं.

उलट बाजूनं, आपलं पथ्यही आधी लिहून द्या. नुसतं "व्हेज" लिहून भागत नाही. व्हिएतनाम, थायलंडमध्ये भाजीतही फिश सॉस पडतो आणि स्वयंपाक्याला त्यात काही वावगं वाटत नाही. आपल्या गावातल्या जैन आणि लिंगायत घरांनी काय खात नाही ते पदार्थांच्या नावानिशी लिहावं, अंडं, फिश सॉस, कांदा-लसूण, सगळं. पंधरा दिवस आधी कळलं तर गाइड सोय करतो. ताट समोर आल्यावर कळलं तर उपाशी राहावं लागतं आणि सगळ्या टेबलाचा घास अडकतो.

निघण्याचा दिवस. होटगी रोडच्या विमानतळाचं उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ ला झालं, गोव्याचं विमान ९ जून २०२५ ला उडालं, मुंबईचं १५ ऑक्टोबरला. गावाला याचा आनंद झाला, मलाही झाला. पण परदेशाचं विमान बहुतेक वेळा मुंबईहून किंवा हैदराबादहून. त्याच दिवशीच्या गाडीनं किंवा विमानानं जाऊन ते गाठायचं धाडस करू नका, एक दिवस आधी पोहोचा. पहिलं विमान चुकलं तर त्याच तिकिटावरची पुढची सगळी विमानं, परतीच्या विमानासकट, रद्द होऊ शकतात.

हे सगळं झालं तरी एक तयारी उरते. सहलीला जाणारी माणसं तिच्याबद्दल बोलतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं. जिथं चाललोय त्या देशाबद्दल काहीतरी वाचून जाणं.

भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. जन्म याच गावात, १० ऑक्टोबर १९१० चा. १९३८ च्या सप्टेंबरात पाच भारतीय डॉक्टरांचं पथक जपानशी लढणाऱ्या चीनला मदत करायला बोटीनं निघालं, त्या पाचांतले ते एक. तिथं जाऊन ते चिनी भाषा शिकले, चिनी विद्यार्थ्यांना शिकवू लागले, बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले. बाकी चौघे परतले. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच गेले, वय ३२. त्यांची समाधी शिजियाझुआंग शहरात आहे आणि चिनी लोक त्यांना के दिहुआ म्हणून ओळखतात. बीजिंगहून वेगवान रेल्वेनं ते शहर तास-दीड तासावर. चीनची भिंत बघून आलेल्या सोलापूरकरानं हे नावच ऐकलेलं नसावं, याचा मला राग येतो. छोट्या गटाचा खरा फायदा इथं आहे. पंचेचाळीस जणांची बस वाट वाकडी करत नाही. बारा जणांनी तीन महिने आधी मागणी केली तर कंपनीला एक दिवस शिजियाझुआंगला देता येतो. मागणी तर करा. मागण्यासाठी आधी माहीत असावं लागतं आणि माहीत करून घ्यायला भैय्या चौकापर्यंतच जायचं आहे.

भाषेचंही तसंच. मराठी, कानडी, तेलुगू, दखनी उर्दू एकाच गल्लीत ऐकत वाढलेला माणूस दहा नवे शब्द शिकायला का कचरतो? नमस्कार, आभार, माफ करा, पाणी, मांस नको, दवाखाना कुठे. एवढं पाठ करून जा. गाइड जवळ नसेल तेव्हा तेच उपयोगी पडतं.

शेवटचा मुद्दा पायांचा. बारा जणांच्या सहलीत दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालणं सहज होतं, तेही दगडी फरसबंदीवर, चढ-उतारावर. नवे बूट निदान महिनाभर आधी घ्या आणि घालून फिरा. पहिल्याच दिवशी टाचेला फोड आला की पुढची सगळी सहल हॉटेलच्या खोलीतून बघावी लागते. बॅग पंधरा किलोची भरा आणि आपल्याच इमारतीचा जिना दोनदा चढून उतरा. जी उचलत नाही तिच्यातलं सामान काढा. पहिल्यांदा निम्मे कपडे काढा.

हे जमणार नसेल, गुडघे साथ देत नसतील, तर मोठ्या गटाची सहल घ्या. तिथं बस दारात येते, सामान कुणीतरी उचलतं, आणि त्यात कसलाही कमीपणा नाही. पण बारांत नाव घातलं असेल तर या रविवारपासून, ऊन चढायच्या आत, सिद्धेश्वर तलावाकाठी तासभर चालायला या. पहाटे साडेपाचला. घरातल्या सगळ्यांना घेऊन या.