जवसाचा घोडा

निवृत्तीनंतर माणसाने एखादा छंद लावून घ्यावा, असं सगळे सांगतात. तो छंद घरच्यांना किती लागतो, ते कोणी सांगत नाही.

मी लिनोकट निवडलं. दोष द्यायचाच तर नंदलाल बोस यांना द्यावा. काठी टेकत दांडीला निघालेले गांधीजी, काळ्या जमिनीवर मोजक्या पांढऱ्या रेघा. त्यांचं १९३० चं ते चित्र मी पाहिलं आणि म्हटलं, मोजक्याच तर रेघा आहेत. शिवाय पस्तीस वर्षं टेबलावर शिक्के मारण्यात गेलेली. कोरायचं, शाई लावायची, कागदावर दाबायचं. यात न येण्यासारखं काय आहे?

बेत असा होता की, दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरून घोडेबाजार सुरू व्हायच्या आत एक उमदा घोडा कोरायचा, खाली ‘सारंगखेडा’ लिहायचं आणि नातेवाइकांना घरी छापलेली कार्डं पाठवायची. कुरियरने लिनोलियमचा तुकडा आणि छिन्न्यांची डबी आली. नोव्हेंबरच्या गारव्यात तो तुकडा दगड झालेला. तो जरा उन्हात ठेवला की मऊ पडतो म्हणे, पण आमच्या नंदुरबारात ऊन पडलं की त्यावर पहिला हक्क मिरचीचा. गावाबाहेर पथाऱ्या लालभडक आणि घरी गच्चीवर हिची वर्षाची बेगमी. म्हणून मी तुकडा तव्यावर ठेवला.

“जवस कोणी करपवलं?” ही आतून ओरडली.

नाक तिचं अचूक. लिनोलियम म्हणजे जवसाचं तेल हवेवर घट्ट करून, त्यात बुचाचा भुगा कालवून तागाच्या कापडावर थापलेला थर. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजाने १८६३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेही जमिनीवर अंथरायला. ही सगळी माहिती मी हिला मोठ्या उत्साहाने दिली.

“मग अंथरा,” ती म्हणाली.

छिन्नी नेहमी आपल्यापासून लांब ढकलायची आणि दुसरा हात तिच्या वाटेत ठेवायचा नाही, हा पहिला नियम. तो मी अंगठ्यावर शिकलो, तर्जनीवर पक्का केला, मधल्या बोटावर त्याची उजळणी केली आणि प्रत्येक बोटाला हळद लावून, शहाण्यासारखा, गच्चीवरच्या मिरच्या आत आणायला गेलो. पुढचा अर्धा तास मी बादलीत हात घालून बसलो होतो.

अक्षरं उलटी कोरावी लागतात, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून ट्रेसिंग कागदावर ‘सारंगखेडा’ मुद्दाम उलटं लिहिलं, आरशात तपासलं, स्वतःवर खूश झालो. मग कागद पालथा घालून पेन्सिलीची रेघ लिनोवर उतरवली. पालथ्या कागदाने उलट्याचं परत सुलट केलं. मी ते सुलट मन लावून कोरलं. छापल्यावर ते उलटं आलं. घोड्याचं म्हणाल तर, कोरलं ते पांढरं राहतं आणि ठेवलं ते काळं उमटतं, हे साधं गणित सोडवता सोडवता मागचा एक पाय निघूनच गेला. मुंबईत अंधेरीला राहून चित्तप्रसाद यांनी याच लिनोवर कष्टकऱ्यांची कसली जिवंत माणसं कोरली! माझा घोडा तीन पायांवर उभा होता.

शाई छापखान्यातून आणली, लाटण्याने लावली, कागद वरणाच्या पळीने घोटला. लाटणं अजून काळं आहे. पहिला छाप दोरीवर वाळत घातला तेव्हा शेजारचे भाऊ थबकले, मान वाकडी करून बघितलं आणि मनापासून म्हणाले, “बकरी भारी शे!”

कार्डं राहिली. त्याच आठवड्यात हयातीचा दाखला द्यायला जायचं होतं. देशातलं पहिलं आधार कार्ड आमच्याच जिल्ह्यात, टेंभलीला, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं. तेव्हा बोट टेकवण्यात आम्ही नंदुरबारकर देशाला सीनियर. मी ऐटीत अंगठा टेकवला. यंत्राने नाकारला. तर्जनी नाकारली, मधलं बोट नाकारलं. काउंटरवरच्या मुलाने माझी चिरलेली, शाईने माखलेली बोटं एकेक करून पुसली, पुन्हा टेकवली आणि हळूच म्हणाला, “काका, तुमचा ठसा उठतच नाही.”

ही शेजारीच उभी होती.

“घरी पण हेच चाललंय,” ती म्हणाली.