मी प्लास्टिक नाही हो!

मुलुंड स्टेशनबाहेर हल्ली मेथीची जुडी फिकट हिरव्या पिशवीतून मिळते. पिशवीवर ठळक इंग्रजीत छापलेलं असतं, ‘आय अ‍ॅम नॉट प्लास्टिक’. कुणी विचारलं नसताना दिलेला खुलासा!

“मक्याच्या स्टार्चची आहे ताई, मातीत विरते,” भाजीवाला सांगतो. मग उपवासाला चालेल का, हे विचारायचं राहूनच जातं.

या पिशव्यांत दोन घराणी. पहिल्यात साध्या पॉलिथिनमध्ये स्टार्च कालवलेला. मातीतले जंतू पंगतीत फक्त श्रीखंड चापून उठणाऱ्या पाहुण्यांसारखे. स्टार्च तेवढा खातात, पॉलिथिनला शिवतही नाहीत. त्याचे बारीक तुकडे होतात, दिसेनासे होतात, आणि आपण म्हणतो, विरलं! दुसरं घराणं खानदानी. त्यात स्टार्चच्या जोडीला पीबीएटीसारखा खरोखर कुजणारा पॉलिमर. पण त्याची प्रयोगशाळेतली परीक्षा 58 अंशांच्या कंपोस्टमध्ये होते आणि 180 दिवसांपर्यंत चालते. घाटकोपरच्या नाल्यात एवढी बडदास्त कोण ठेवणार? मुंबईचा मे महिनासुद्धा तिथवर पोचत नाही, घामाने आपणच विरतो.

बाकी सरकारची दृष्टी दूरची. महाराष्ट्राच्या 23 मार्च 2018 च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांना सूट मिळाली ती रोपवाटिका, शेती आणि घनकचऱ्यासाठी. मेथीला मुळं असतात, ती रोप म्हणून खपून जाईल. सोललेले मटार नेमके कशात बसतात, ते पालिकेने एकदा सांगून टाकावं.