रानशेतच्या वर्गात तंत्रज्ञान कसं बसवावं?
(नवशिक्या गुरुजींसाठी)

अभिनंदन. डहाणू तालुक्यात रानशेतला किंवा जवळच्या एखाद्या पाड्यावर तुमची नेमणूक झाली आहे. खिचडीच्या नोंदी, मतदारयादी आणि वरून येणाऱ्या रोजच्या लिंका यांच्या जोडीला आता मुलांना तंत्रज्ञानातून रोजगारक्षम करण्याचं कामही तुमच्याकडे आलं आहे. घाबरू नका. हे काम तालुक्यात याआधीही झालेलं आहे, त्याचे फोटो आहेत.

साहित्य

तंत्रज्ञान मार्चमध्ये येतं. झाडाला कैऱ्या लागतात त्याच सुमारास कंपन्यांना समाजकार्याचा उरलेला निधी संपवायचा असतो. एक टेम्पो येईल, त्यातून स्मार्ट टीव्ही, वीसेक टॅब आणि एक बॅनर उतरेल. बॅनर आधी लावा. टीव्ही कोणत्या भिंतीवर बसवायचा हे बॅनर कुठे दिसतो त्यावर ठरतं. नारळ फोडायचा असेल तर एक्स्टेन्शन बोर्डापासून चार हात लांब फोडा. हे कुठल्याही माहितीपुस्तिकेत लिहिलेलं नसतं.

टॅबच्या पडद्यावरचं प्लास्टिक काढू नका. काढलं तर ती वस्तू वापरलेली ठरते आणि तपासणीला प्रश्न येतात. दोन वर्षांनी त्या प्लास्टिकच्या कडा सुटतात, आत लाल माती शिरते, बोट फिरवलं की चर्रर्र आवाज येतो. तरी काढू नका.

वीज

तालुक्यात वीज भरपूर आहे. डहाणूच्या खाडीकाठी ५०० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे आणि देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं ते याच जिल्ह्यात, तारापूरला. डहाणूची वीज मुंबईच्या उपनगरांत जाते. टीव्हीवर धडा रंगात आला आणि पडदा काळा झाला, तर वेळ वाया घालवू नका, हीच माहिती भूगोलाच्या तासाला धरा. पावसाळ्यात वीज कुठे गेली हे विचारण्यात अर्थ नसतो. तेव्हा खडू घ्या. खडू ओला असेल तर पाढे म्हणून घ्या.

कपाट

सगळं साहित्य लोखंडी कपाटात, किल्ली मुख्याध्यापकांकडे, मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगला.

हजेरी

२०१६ च्या नोव्हेंबरात शिक्षण खात्याला गळतीवर एक उपाय सुचला होता: शिक्षकाने दहा-दहा मुलांचे गट करावेत, त्यांच्यासोबत सेल्फी काढावा आणि तो खात्याच्या 'सरल' या ऑनलाइन प्रणालीवर चढवावा. शिक्षकांनी ओरड केली, उपाय बारगळला. एका अर्थी वाईट झालं. तो चालू राहिला असता तर दर दिवाळीनंतरच्या फोटोत गुरुजींच्या भोवती किती मोकळी जागा उरते, ते निदान मंत्रालयात दिसलं असतं.

दिवाळी झाली की या भागातली कुटुंबं वीटभट्टीवर जातात, वसई-भिवंडीकडे आणि त्याहूनही लांब. चालती-बोलती झालेली पोरंही सोबत जातात, धाकट्याला सांभाळायला कुणी हवं म्हणून. तेव्हा टॅब कमी आणि मुलं जास्त, ही तक्रार जूनमध्ये करू नका. नोव्हेंबरात मेळ आपोआप बसतो.

'रोजगार' या रकान्यात काय भरावं

इथे नवशिके हमखास अडकतात. प्रशिक्षणात दाखवलेल्या चित्रफितीत टाय लावलेला मुलगा वातानुकूलित खोलीत संगणकापुढे बसलेला असतो. तुमच्या वर्गातल्या मुलांच्या डोळ्यांसमोरचं काम वेगळं आहे. चिकूच्या वाड्या आहेत. चिंचणीकडे दागिन्यांच्या साच्यांचं डायमेकिंग आहे. बोटीवर खलाशी म्हणून जाता येतं. बोईसरच्या किंवा पलीकडे उंबरगाव-वापीच्या कंपनीत 'हेल्पर' म्हणून लागता येतं. आणि भट्टी तर आहेच. शिवाय ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली आहे, त्यामुळे आता बंदरातल्या नोकऱ्यांचं प्रशिक्षणही येईल. त्याचा बॅनर पहिल्या बॅनरच्या शेजारी लावा. ज्या किनाऱ्यावर बंदर होणार तिथले मच्छीमार विरोधात का आहेत, हे मुलं विचारतील. प्रशिक्षणात त्याला वेगळी स्लाइड नाही.

कंपनीत लागलेल्या मुलाची तंत्रज्ञानाशी पहिली गाठ फाटकावरच्या अंगठ्याच्या यंत्राशी पडते. त्याच्या आईची ती आधीच रेशन दुकानात पडलेली असते. माती, चुना, मीठ यांनी घासलेल्या बोटांचा अंगठा उठत नाही. मग बाई हात पदराला पुसते, दुकानदार म्हणतो परत लाव, मागची रांग चुळबुळ करते. यासाठी टॅबवर ॲप नाही.

काय करू नये

काही जुनी माणसं तुम्हाला भलत्या वाटेला नेतील. त्यांची नावं आधीच सांगून ठेवतो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. बोर्डीला बालवाडी काढून थांबल्या असत्या तर ठीक होतं; पण १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर येऊन बसल्या, इथून फार लांब नाही. मुलं गुरं राखायला जातात, शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, असं त्यांनी ठरवलं. साहित्य म्हणाल तर दगड, बिया, पानं, शिंपले. ना वायर, ना वॉरंटी, कपाटात ठेवण्यासारखं काहीच नाही. अशा साहित्याचा उपयोगिता अहवाल कसा भरणार?

दुसरे डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेतून पीएचडी करून आलेला, मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ. त्यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम काढला आणि आसपासच्या शाळांतल्या मुलांना वेल्डिंग, वायरिंग, माती तपासणी, रक्तातलं हिमोग्लोबिन मोजणं असल्या गोष्टींना जुंपलं. वर कहर म्हणजे मुलं हे काम गावासाठी खरोखर करायची: कुणाची खिडकी, कुणाचं फाटक, आणि गावाने त्याचे पैसे द्यायचे. फाटक नीट लागलं नाही तर मालक थेट शाळेत. अमेरिकेच्या एमआयटीने आपली 'फॅब लॅब' २००२ मध्ये तिथे नेऊन ठेवली, ती बहुधा पत्ता नीट न वाचता. या पद्धतीत मुलांचे हात काळे होतात, फोटो चांगले येत नाहीत.

हिशेबाचा तास

इतकं सांगूनही तुम्हाला टॅब उघडायचाच असेल, तर एक धडा देतो. तुमच्या जबाबदारीवर घ्या. त्याला इंटरनेट लागत नाही, स्प्रेडशीट पुरते. ऑक्टोबर संपायच्या आत घ्या, नंतर ज्यांना तो लागतो ती मुलं नसतात.

फळ्यावर पाच शब्द लिहा: बयाणा, खर्ची, विटा, दर, हिशेब. अर्थ तुम्ही सांगू नका, मुलं सांगतील. बयाणा म्हणजे हंगामाआधी भट्टीचा शेठ देतो ती उचल. तिच्यात पावसाळ्यातलं आजारपण, लग्न, घराचं छप्पर भागतं. खर्ची आठवड्याला, तांदूळ-मिठापुरती. बाकीचा हिशेब हंगाम संपल्यावर.

आता रकाने पाडा. आकडे उदाहरणापुरते घ्या: बयाणा ३०,००० रुपये, खर्ची आठवड्याला १,५०० रुपये, हंगाम २४ आठवड्यांचा. नवरा-बायकोच्या जोडीने आठवड्याला ५,००० विटा पाडल्या, दर हजारी ८०० रुपये. विटा भरल्या १,२०,०००, मजुरी ९६,००० रुपये. खर्ची ३६,००० आणि बयाणा ३०,००० वजा केला की शेठकडून ३०,००० येणं निघतं.

वर्ग शांत होईल. मग मागच्या बाकावरची एखादी मुलगी म्हणेल, "गुरुजी, आमचं तर गेल्या साली फिटलंच नाही. अंगावर राहिलं." तिला पुढे बोलवा, टॅब तिच्या हातात द्या. तिला रकाने तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतात: अवकाळी पावसात भिजलेल्या कच्च्या विटा, त्या कुणाच्या नावावर पडल्या, मोजणीत सोडलेल्या फुटक्या विटा, बाप तापाने पडला ते दिवस, मुकादमाने घेतलेलं काहीतरी, ज्याला नाव नाही. प्रत्येकासाठी एक ओळ वाढवायला सांगा. बेरीज यंत्र करतं, ओळी तिने घालायच्या. आजोबांच्या पिढीने कोऱ्या कागदावर अंगठे उठवले, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जोडीने सावकाराकडे राबले. त्या लग्नगडीची गोष्ट मुलांना घरून ठाऊक असेल, नसेल तर गोदावरी परुळेकरांचं पुस्तक वाचनालयात शोधा. त्यात आहे तो १९४५ चा वारल्यांचा उठाव इथून जवळच, तलासरीकडे झरीला, पेटला होता.

धड्याला गृहपाठ एकच: आईबापांना विचारून गेल्या हंगामाचे खरे आकडे आणायचे, आणि यंदा भट्टीवर रोजच्या विटांचा आकडा फोनमध्ये लिहायचा. फोटोही काढायचा, थप्पी मोजता येईल असा. सेल्फी नको.

काही दिवसांनी मुकादम शाळेत येईल. त्याला बसायला खुर्ची द्या, चहा मागवा. पोरांना हे काय शिकवता म्हणेल. गणिताच्या पुस्तकातलं नफा-तोट्याचं प्रकरण त्याच्यापुढे उघडून ठेवा आणि म्हणा, अभ्यासक्रमच आहे, आमचा नाइलाज आहे. त्याला दर विचारा. सांगितला तर त्याच्यासमोरच टॅबमध्ये भरा. नाही सांगितला, तर तो रकाना रिकामा ठेवा आणि बाजूला तारीख टाका.